डगमगत्या स्टुलाची शिकवण

वसुबारसेचा दिवस होता. साल २०१२. स्वयंपाकघरातून बेसन भाजल्याचा वास येत होता आणि मी गॅलरीत वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. माळ्यावरचे फराळाचे डबे काढण्यासाठी सौ. स्टुलावर चढली होती. ते स्टूल मी स्वतः केलेले. बाजारचे नव्हे, सुताराकडचे नव्हे, अगदी माझ्या हातचे! बँकेत तेहतीस वर्षे दुसऱ्यांच्या बेरजा तपासून निवृत्त झाल्यावर मी जो सुतारकामाचा उद्योग आरंभला, त्याचे ते पहिले फळ. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते कौतुकाने दाखवीत असे. चारांपैकी एक पाय किंचित आखूड होता खरा. पण त्याच्याखाली जुन्या पोस्टकार्डाची घडी सारली, की काम भागत असे.

त्या दिवशी केर काढताना ती घडी कुणीतरी उचलली असावी.

आधी डबा आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सौ.ची हाक. मी धावत आत गेलो. स्टुलाची एक आडवी पट्टी खिळ्यांसकट बाहेर आली होती आणि सौ. भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, उजवे मनगट डाव्या हातात घट्ट धरून. हाड मोडले होते. सहा आठवडे प्लॅस्टर! त्या वर्षी आमच्या घरी चकली प्रथमच दुकानातून आली.

ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. प्लॅस्टर निघाल्यावर मात्र तिने शेजारच्या वहिनींकडून त्यांचे लोखंडी स्टूल मागून आणले आणि ते आमच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून राहिले. रोज सकाळी चहा घेताना ते समोर दिसे, आणि जे कुणी बोलले नव्हते ते सगळे ते मला ऐकवी.

वाचकहो, घरी सुतारकाम करण्याची हौस तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. फळीवर देवघर बसवावे, मुलाला पुस्तकांचे कपाट करून द्यावे, असे कुणाला वाटत नाही? त्या हौसेला माझ्यासारखी किंमत मोजावी लागू नये, म्हणून हा लेख.

मिस्त्रींची तपासणी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वयस्कर मिस्त्री बसत. बापजाद्यांचा धंदा सुतारकीचा. मोडके स्टूल घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि घडलेली हकीकत सांगितली. वैद्याने नाडी पाहावी तसे त्यांनी स्टूल उलटेसुलटे करून पाहिले. मग पट्टी आणि पाय यांच्या सांध्याला डोळा लावून ते म्हणाले, “साहेब, ह्यातून उजेड दिसतोय.”

मी पाहिले. खरेच दिसत होता.

“पट्टीचं तोंड तिरपं कापलंय. पायाला ती दोनच जागी टेकते. आणि खिळा मारलाय तो पट्टीच्या तोंडातच. लाकडाच्या तोंडात खिळा धरत नाही, तो उभ्या रेषांमध्ये नुसता घुसून बसतो. जोर आला की आला तसा बाहेर. आता हे चार पाय. कसे कापले?”

“टेप लावून, प्रत्येक वेगळा मोजून,” मी जरा अभिमानानेच सांगितले.

“म्हणून चार पाय चार तऱ्हेचे.”

नाचता येईना अंगण वाकडे, या न्यायाने मी करवतीला दोष देऊन पाहिला. मिस्त्री हसले. पुढे त्यांनी जे सांगितले, ते मी त्याच रात्री डायरीत उतरवून ठेवले. ते म्हणाले, “साहेब, तुमचा हात सारा जन्म लेखणीवर होता, माझा लाकडावर. माझा हात आता आपोआप सरळ जातो. तुमचा या वयात तसा जाईल हे धरून चालू नका. मग करायचं काय? हाताला वाट बांधून द्यायची. पाण्याला पाट काढतो ना, तशी. आम्ही त्याला फर्मा म्हणतो, कारखान्यात जिग म्हणतात. फर्मा एकदाच नीट करायचा. त्याला लागेल तेवढा वेळ घाला. पुढं तो तुमचं काम रोज नीट करतो.”

हे मला चटकन पटले, कारण आमच्या खातेवह्यांची तीच रीत होती. रकाने छापून येत, म्हणून नवखा कारकूनही आकडा योग्य जागी लिही. त्याला रोज रकाने आखायला लावले असते, तर पहिल्याच महिन्यात ताळेबंद कोलमडला असता! फर्मा म्हणजे लाकडाचा छापील रकाना.

आमचा कारखाना

गॅलरी नऊ फूट लांब, चार फूट रुंद. तिच्यात एक जुने दणकट टेबल. हत्यारे मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणली: एक बारीक दात्यांची करवत, एक लोखंडी रंधा, अर्ध्या आणि एक इंची दोन पटाश्या, लाकडी मोगरी, काटकोन तपासायचा गुण्या, फळीच्या कडेला समांतर रेघ ओढणारा खतकस, विजेचे ड्रिल आणि दोन लोखंडी शिकंजे. एवढ्यात घरची सगळी कामे होतात.

लाकूड मात्र नवे घेऊ नका. पुण्यात जुने वाडे पडले, त्यांच्या चौकटी-तुळयांचे सागवान भवानी पेठेच्या टिंबर मार्केटच्या बाजूला मिळते. वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने ते सहसा वाकत नाही. फक्त रंधा मारण्यापूर्वी त्यात मोडलेले खिळे नाहीत ना, हे लोहचुंबक फिरवून पाहावे. एका खिळ्याने रंध्याचे पाते कसे दातरे होते, हा अनुभव मी घेतलेला आहे. तुम्ही घेऊ नये.

आणि एक पथ्य. ठोकाठोक करायची ती दुपारी एक ते चार सोडून. पुण्यात राहायचे आहे ना?

पहिला फर्मा : अडसरफळी

पूर्वीचे सुतार जमिनीवर बसून लाकूड पायाने दाबून धरीत. आपल्याला ते साधत नाही. आपण एका हाताने लाकूड टेबलावर धरतो, दुसऱ्याने करवत चालवतो, लाकूड सरकते आणि काप वाकडा जातो. कधी बोटावरही जातो. अडसरफळीने हे दोन्ही टळते.

फूटभर लांब, आठ इंच रुंद, पाऊण इंच जाड अशी प्लायवुडची सपाट फळी घ्या. तिच्या पलीकडच्या कडेला, वरच्या अंगाने, दीड इंच रुंदीची पट्टी बसवा. अलीकडच्या कडेला तशीच पट्टी खालच्या अंगाने बसवा. ही खालची पट्टी टेबलाच्या कडेत अडकते आणि फळी पुढे सरकू शकत नाही. कापायचे लाकूड वरच्या पट्टीला टेकवून डाव्या हाताने दाबायचे. करवत पुढे रेटली की लाकूड आपोआप अडसरावर घट्ट बसते. वरची पट्टी उजव्या बाजूला दीड-दोन इंच आखूड ठेवावी, म्हणजे करवत टेबलाऐवजी फळीलाच लागेल. डावखुऱ्यांनी ती डावीकडे आखूड ठेवावी. मात्र एक गोष्ट जिवापाड सांभाळायची: वरची पट्टी फळीच्या कडेशी बरोबर काटकोनात बसली पाहिजे. पुढचे सगळे कापाकापीचे काम त्या एका काटकोनावर उभे आहे.

गुण्याचीही परीक्षा घ्या

काटकोन पाहायचा गुण्याने. पण गुण्याच चुकीचा असला तर? मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी ही परीक्षा शिकवली. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून एक रेघ ओढा. मग गुण्या उलटा करून, त्याच बिंदूतून, दुसऱ्या बाजूने पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या तर जेवढी फट दिसते, तिच्या निम्म्याने गुण्या खोटा. माझा, अर्थात, खोटा निघाला! दुकानातून दुसरा आणताना मी रेघा ओढूनच घेतला.

कपाटासारखे मोठे काम असेल तर गुण्या पुरत नाही. तेव्हा एका बाजूवर तीन फूट आणि दुसरीवर चार फूट खूण करा; दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर पाच फूट भरले की कोपरा काटकोनात आहे. ही युक्ती आजची नाही. यज्ञवेदी आखणाऱ्यांसाठी रचलेल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात तीन आणि चार यांची ही जोडी दिलेली आहे. शाळेत जो सिद्धांत घोकून घोकून पाठ केला, तो असा साठीनंतर गॅलरीत उपयोगी पडला.

करवतीला सोबती

रेघ सरळ ओढली तरी करवत सरळ जाईलच असे नाही. तिला सोबती द्यावा. शिसवाचा किंवा बाभळीचा, दीड इंच जाडीचा, सर्व बाजूंनी काटकोनात असलेला ठोकळा घ्या. तो रेघेवर ठेवून शिकंज्याने घट्ट आवळा आणि करवतीचे पाते त्याच्या अंगाला चिकटवून चालवा. सुरुवातीचे दोन-तीन हात अलगद, मागे ओढून. खाच पडली की मग जोर.

करवतीच्या कापालाही जाडी असते, हे हौशी माणूस हमखास विसरतो. आमच्या करवतीचा काप सुमारे अर्धा सूत भरतो. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मीटर-सेंटीमीटर येऊन इतकी वर्षे झाली, तरी सुतारांच्या तोंडी अजून सूतच आहे.) म्हणून काप नेहमी टाकाऊ बाजूला घ्यावा आणि रेघ कामाच्या लाकडावर शाबूत राहू द्यावी. जास्त उरले तर तासता येते. कमी पडले तर काय करणार?

रंधापाट : उजेड बंद करणारा फर्मा

माझ्या स्टुलातून जो उजेड दिसला, तो बंद करणारा फर्मा हा. पट्टीचे तोंड केसाचाही फरक न राहता काटकोनात आणायचे असेल, तर करवतीवर थांबून चालत नाही.

वीस इंच लांब आणि दहा इंच रुंद फळीवर तेवढीच लांब, पण अडीच-तीन इंच कमी रुंद अशी दुसरी फळी चिकटवा. उजव्या हाताला जी पायरी तयार होते, ती रंध्याची वाट. वरच्या फळीच्या पुढच्या टोकाला, त्या वाटेशी काटकोनात, एक अडसर ठोका. आता पट्टी अडसराला टेकवून तिचे तोंड वाटेवर केसभर बाहेर येऊ द्या. रंधा आडवा, कुशीवर ठेवून वाटेवरून पुढे चालवा. कागदासारखे पातळ छिलके निघतील आणि तोंड आरशासारखे साफ होईल. पहिल्यांदा रंधा वरच्या फळीची कडही थोडी तासतो. घाबरू नका. पाते रंध्याच्या काठापर्यंत पोचत नाही, त्यामुळे थोडे तासून ते आपणच थांबते.

अडसराचा आणखी एक उपयोग आहे. नुसत्या लाकडाच्या तोंडावर रंधा मारला तर पलीकडची कड फुटून कपची उडते. इथे अडसर मागून आधार देतो, म्हणून कड शाबूत राहते. मात्र पाते धारदार हवे. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ते निसटते. म्हणून बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा घातकी. जाड काचेच्या तुकड्यावर बारीक एमरी कागद चिकटवून त्यावर पाते घासावे. पात्याच्या जाडीच्या साधारण दुप्पट लांबीचा उतार ठेवला की तीस अंशांची धार होते. कोनमापकाची गरज नाही.

मोजू नका, टेकवा!

चार पाय सारखे कसे करायचे? एकदा मोजून, चारदा टेकवून. अडसरफळीच्या वरच्या पट्टीला डावीकडे एक लांब काठी जोडा आणि तिच्यावर, पायाची लांबी जिथे संपते तिथे, एक ठोकळा आवळून बसवा. प्रत्येक पायाचे टोक त्या ठोकळ्याला टेकवायचे आणि कापायचे. टेप चार वेळा लावला की चार चुका होतात. ठोकळ्याची चूक झालीच तर ती चारही पायांत सारखी होते, आणि स्टूल डगमगत नाही. ठोकळ्याच्या कोपऱ्यात भुसा साठू देऊ नका, एवढीच काळजी.

हाच विचार घरात कपाट बसवतानाही करावा. भिंत मोजण्याऐवजी एक लांब पट्टी तिथे नेऊन तिच्यावरच सगळ्या खुणा कराव्यात: इथे पहिली फळी, इथे दुसरी, इथे विजेचे बटण. घरी पट्टीवरून खुणा लाकडावर उतरवाव्यात. आकडेच नाहीत, तर आकड्यांची चूक कुठून होणार?

पट्टीचा मध्य काढायलाही आकडे लागत नाहीत. एका छोट्या लाकडी तुकड्यावर एका रेषेत तीन भोके पाडा: दोन टोकांना, आणि एक त्यांच्या बरोबर मध्ये. टोकांच्या भोकांत खुंट्या बसवा, मधल्यात पेन्सिल. तुकडा पट्टीवर ठेवून इतका फिरवा, की दोन्ही खुंट्या पट्टीच्या दोन बाजूंना टेकतील. पेन्सिल आपोआप मध्यावर येते. मग ओढत न्यायची, की मध्यरेषा तयार. आमची नात हा फर्मा हातात आला की घरातल्या प्रत्येक वस्तूचा मध्य काढीत सुटते.

जुन्या गाण्यांची तबकडी

ड्रिलने भोक सरळ खाली न जाता तिरपे जाणे, हा नवशिक्याचा आणखी एक रोग. त्यावरचे औषध माझ्या मुलाने सुचवले. घरात पडून असलेली एक जुनी सी. डी. घ्यायची आणि तिचे मधले भोक खुणेवर ठेवायचे. तबकडीच्या आरशात ड्रिलच्या पात्याचे प्रतिबिंब दिसते. पाते आणि प्रतिबिंब दोन्ही बाजूंनी एका सरळ रेषेत दिसले, की ड्रिल उभे आहे. मोडलेली दिसली तर तिरपे आहे. ही युक्ती दाखवली तेव्हा मिस्त्रींनीही मान डोलावली आणि माझ्याकडून एक सी. डी. मागून नेली. भोक किती खोल जायचे, यासाठी पात्याला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावावा. झेंड्याने भुसा झाडायला सुरुवात केली की थांबावे.

आवळल्याशिवाय सांधा नाही

नव्या स्टुलाला मी आडव्या पट्ट्यांना कुसू केले आणि पायांना त्यांच्या मापाच्या खाचा. कुसू पट्टीच्या जाडीच्या साधारण तिसरा हिस्सा असावे. जाड केले तर पाय कमजोर होतो, बारीक केले तर कुसू मोडते. सांध्याला पूर्वी गरम सरस लावीत. १९५९ साली फेविकॉल आला आणि सरसाचे भांडे हळूहळू घराघरांतून गेले. पण डिंक कुठलाही असो, सांधा रात्रभर आवळून ठेवला नाही तर तो पकडत नाही.

त्यासाठी डझनभर शिकंजे विकत घ्यायला नकोत. सायकलची जुनी ट्यूब इंच-दीड इंच रुंदीच्या पट्ट्यांत कापा आणि ताणून सांध्याभोवती गुंडाळा. प्रत्येक वेढ्याबरोबर दाब वाढतो. चार पायांचे स्टूल आवळायचे तर सभोवार दोरीचे दोन वेढे घ्या, त्यात एक दांडी अडकवून पीळ भरा आणि दांडी पट्टीत अडकवून ठेवा. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवला नाही तर दोरी लाकडात रुतते. फळीला फळी जोडायची असेल, तर मोठ्या फळीवर दोन पट्ट्या घट्ट ठोकून त्यांच्यामध्ये काम ठेवावे आणि उरलेल्या फटीत दोन पाचरी समोरासमोरून सारून हळूहळू ठोकाव्या.

आवळल्याबरोबर दोन्ही कर्ण मोजा. सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. एक लांब भरला तर त्याच दिशेने थोडे दाबा. हे डिंक ओला आहे तोवरच करायचे. एकदा वाळला की तो कुणाचे ऐकत नाही.

आखूड पायावरचा खरा इलाज

एवढे करूनही एखादे स्टूल डुगडुगले तर? पोस्टकार्ड नको! आणि एक पाय कापला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, हा मार्गही नको. त्या मार्गाने मी एकदा अठरा इंचांचे स्टूल सोळावर आणले होते.

स्टूल सपाट कडाप्प्यावर ठेवा. पायांखाली लहान पाचरी सारून ते असे उभे करा, की वरची फळी पाणसळीने सपाट दिसेल. आता सर्वांत मोठ्या फटीपेक्षा थोडा जाड असा ठोकळा घ्या, त्यावर पेन्सिल आडवी ठेवा आणि ठोकळा कडाप्प्यावरून सरकवीत चारही पायांना सभोवार रेघ ओढा. त्या रेघांवर कापले की झाले. कापापूर्वी हात आवरून पाचरी मात्र काढू नका. रेघा चारही पायांवर पुऱ्या झाल्याची खात्री करूनच काढा.

चार बारीक गोष्टी

स्क्रू फिरवण्यापूर्वी मेणबत्तीवर किंवा साबणावर घासावा. सागवानात लोण्यासारखा जातो. पण आधी बारीक भोक पाडलेले असावे.

कडेजवळ खिळा मारताना त्याचे टोक हातोडीने थोडे बोथट करावे. टोकदार खिळा लाकडाच्या रेषा फाकवतो, बोथट खिळा त्या तोडून आत जातो, म्हणून फळी चिरत नाही.

दोन फळ्या चिकटवून आवळताना त्या डिंकावर घसरतात. अशा वेळी डिंकावर मिठाचे चार दाणे टाकावे. ते रुतून बसतात आणि घसरण थांबते. हे मीठ मी विचारूनच घेतो, हे सांगायला नको.

लाकडावर हातोडीचा खड्डा पडला तर त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवावी. वाफेने दबलेले लाकूड फुगून वर येते. लाकूड तुटले असेल तर मात्र येत नाही, आणि पॉलिश केलेल्या लाकडावर हे करू नये; डाग पडतो.

आणि पावसाळ्यात कपाटाचे खण अडकू लागले, तर लगेच रंधा उचलू नका. लाकूड हवेतले पाणी पिऊन रुंदीला फुगते. श्रावणात तासलेला खण उन्हाळ्यात खुळखुळतो. कडांना मेण घासा आणि दिवाळीपर्यंत वाट पाहा. हवा कोरडी झाल्यावरही अडकत असेल, तरच तासा.

शेवटची गोष्ट बारीक नाही. पटाशी चालवताना दोन्ही हात तिच्या धारेच्या मागे असावेत. लाकूड धरायला तिसरा हात हवा असतो, आणि तो म्हणजे शिकंजा किंवा फर्मा. लहान मुले जवळ असतील तर यंत्राची वायर भिंतीतून काढून ठेवावी.

लोखंडी स्टुलाची पाठवणी

नवे स्टूल २०१३च्या दसऱ्याला पुरे झाले. फर्मे करण्यात चार महिने गेले होते, स्टुलाला तीन आठवडे लागले. मिस्त्रींनी ते एका पायावर तोलून कडाप्प्यावर फिरवले, सांध्यांना डोळा लावला आणि म्हणाले, “उजेड नाही.” एवढीच पावती. मला तेहतीस वर्षांच्या नोकरीत मिळालेल्या कुठल्याही शेऱ्यापेक्षा ती मोठी वाटली.

घरी आणून मी ते स्वयंपाकघरात ठेवले. सौ.ने पाहिले, “छान झालंय” म्हणाली, आणि त्यावर पाण्याची कळशी ठेवली. दिवाळीचे डबे काढायला ती त्या वर्षीही लोखंडी स्टुलावरच चढली. मी काही बोललो नाही. तिचे मनगट थंडीत अजून दुखत असे. बोलण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

असेच एक वर्ष गेले. पुढच्या वसुबारसेला मी गॅलरीत रंधापाटावर काहीतरी तासीत होतो. आतून फरशीवर लाकूड ओढल्याचा आवाज आला. लोखंडाचा नव्हे. हातातले काम टाकून मी आत गेलो. सौ. माझ्या स्टुलावर उभी राहून माळ्यावर हात घालीत होती. मी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरले.

तिने वरून पाहिले आणि म्हणाली, “अहो, धरताय कशाला? त्याला काय झालंय? हे डबे घ्या आधी.”

मी डबे घेतले. त्याच दिवशी संध्याकाळी ते लोखंडी स्टूल धुऊनपुसून, त्यावर फराळाचे ताट ठेवून, आम्ही दोघांनी वहिनींकडे पोचते केले.

मिस्त्री आता गावी मुलाकडे असतात. त्यांचा फर्म्यांचा मंत्र मात्र आमच्या गॅलरीत खुंटीला टांगलेला आहे: अडसरफळी, रंधापाट, खुंट्यांचा तुकडा, सगळे ओळीने. वाचकहो, या दिवाळीच्या सुट्टीत एखादी करवत हाती घ्यावीशी वाटली, तर अवश्य घ्या. पण पहिल्या दिवशी स्टूल करू नका. पहिल्या दिवशी अडसरफळी करा. आपण केलेल्या वस्तूवर घरातले कुणीतरी एक दिवस निर्धास्तपणे पाय ठेवणार असते, एवढे ध्यानात असले की पुढचे सगळे आपोआप सुचत जाते.